क्रूझचा विमा: अर्जात सासूबाईंचा स्टेंट लिहायचा का?

प्रश्न: चार महिन्यांनी मी, माझे पती आणि ७२ वर्षांच्या सासूबाई अशा तिघांनी क्रूझला जायचं ठरवलं आहे. आगाऊ रक्कम भरली आहे, उरलेली पुढच्या महिन्यात भरायची आहे. सासूबाईंना तीन वर्षांपूर्वी स्टेंट बसवला आहे आणि पाच आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी त्यांच्या रक्तदाबाच्या गोळीचा डोस वाढवला. क्रूझ कंपनी बुकिंगसोबत स्वतःचा 'प्रोटेक्शन प्लॅन' देऊ करते आहे. पतींच्या मते क्रेडिट कार्डावरचा विमा आणि घरचा आरोग्यविमा पुरेसा आहे. ट्रॅव्हल एजंट म्हणतो, बाहेरून पॉलिसी घ्या, पण अर्जात स्टेंटबद्दल लिहू नका, उगाच प्रीमियम वाढेल. कोणाचं ऐकावं?

उत्तर: विमा घ्या, बाहेरून घ्या आणि स्टेंट लिहून घ्या. एजंटचा सल्ला अर्धा बरोबर आहे, आणि चुकीचा अर्धा सगळा विमा बुडवू शकेल.

आधी तिकिटाचा करार उघडा. बुकिंग करताना 'अटी मान्य' म्हणून तुम्ही जो स्वीकारलात तोच. जे नुकसान कंपनी तुम्हाला देणं लागत नाही, तेवढ्यासाठीच विमा हवा असतो, आणि कंपनी काय देणं लागत नाही ते त्यातच लिहिलेलं असतं. हवामान किंवा सुरक्षेच्या कारणाने कप्तान एखादं बंदर वगळू शकतो, आणि त्याबद्दल सहसा भरपाई नसते. फार तर बंदराचे कर परत मिळतात. तुम्ही वेळेवर पोहोचला नाहीत तर जहाज थांबत नाही. रद्द केल्यावरची कपात निघायची तारीख जवळ येईल तशी वाढत जाते आणि शेवटच्या काही आठवड्यांत पूर्ण भाडं बुडतं. पुढचा हप्ता भरलात की तुमची बरीच मोठी रक्कम पणाला लागेल, म्हणून निर्णय त्याआधी व्हायला हवा.

दावा कुठल्या न्यायालयात लावायचा हेही करारात ठरलेलं असतं. 'कार्निव्हल विरुद्ध शूट' या १९९१च्या खटल्यात जहाजावर पडून जखमी झालेल्या बाईंनी आपल्या राज्यात, वॉशिंग्टनमध्ये, दावा केला होता. तिकिटावर फ्लोरिडा लिहिलेलं होतं. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तिकिटावरचं कलम ग्राह्य धरलं. 'पुढे काही झालं तर कंपनीला कोर्टात खेचू' हा विचार करताना हे लक्षात ठेवा.

समजा, खेचलंच. समुद्रमार्गाच्या प्रवाशांसाठी १९७४चा अथेन्स करार आहे. त्याचा २००२चा सुधारित मसुदा २०१४पासून अमलात आला. तो सगळ्या देशांना लागू नाही. अमेरिका त्यात नाही. जिथे लागू आहे तिथे जहाज बुडणं, टक्कर, आग, स्फोट, जमिनीला लागणं किंवा जहाजातला दोष यांमुळे इजा झाली, तर दर प्रवाशामागे २,५०,००० एसडीआरपर्यंत (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक) कंपनीची चूक सिद्ध न करताही भरपाई मिळते. युद्ध किंवा असामान्य नैसर्गिक आपत्ती असे मोजके अपवाद आहेत. दर प्रवाशामागे एकूण कमाल मर्यादा ४,००,००० एसडीआर. पण ओल्या डेकवर पाय घसरला, तर कंपनीचा निष्काळजीपणा तुम्हालाच सिद्ध करावा लागतो. आणि सासूबाईंना समुद्रात छातीत दुखू लागलं, तर त्यात कुणाचीच चूक नाही. हा करार तिथे काही देत नाही, तिकीटही देत नाही. तुमच्या घरातली सर्वांत संभाव्य आपत्ती नेमकी हीच आहे.

तेव्हा खर्च कसा वाढतो ते पाहा. जहाजावरचा दवाखाना शुल्क घेतो आणि ते केबिनच्या खात्यावर चढतं. त्याचं काम रुग्णाला स्थिर करून जवळच्या बंदरात उतरवणं एवढंच. उतरल्यावर परक्या देशातलं हॉस्पिटल, सोबतच्या माणसाचा मुक्काम, आणि रुग्ण साध्या विमानात बसण्याजोगा नसेल तर डॉक्टर-नर्ससह एअर ॲम्ब्युलन्स. मोठा आकडा बहुधा शेवटच्या बाबीचा असतो. घरचा आरोग्यविमा अनेकदा देशाबाहेर चालत नाही, आणि जहाज परक्या ध्वजाखाली (म्हणजे दुसऱ्या देशात नोंदलेलं) असेल तर 'देशाबाहेर' कधी सुरू झालं यावरच वाद होतो. कार्डावरच्या विम्यात वैद्यकीय रक्कम अनेकदा तुटपुंजी असते आणि भाडं त्याच कार्डावरून भरल्याची अट असू शकते. पतींनी कार्डाची पुस्तिका जरूर वाचावी, पण तीवर भिस्त ठेवू नये.

प्रोटेक्शन प्लॅनबद्दल माझं मत फारसं बरं नाही. असे काही प्लॅन विमा नसतात. कंपनी स्वतःची दंडाची कपात माफ करते, इतकंच, आणि काही कारणांसाठी रोख पैशांऐवजी पुढच्या क्रूझचं क्रेडिट देते. कंपनीच दिवाळखोरीत गेली तर तिची माफी आणि क्रेडिट दोन्ही तिच्यासोबत जातात. प्लॅनमागे विमा कंपनी आहे का, आणि वैद्यकीय स्थलांतराची (आजारी माणसाला हॉस्पिटलात किंवा घरी हलवण्याची) रक्कम वेगळी दिली आहे का, एवढं पाहून ठेवा.

आता स्टेंट. विम्याचा करार परम सद्भावाचा मानला जातो. विमा कंपनीने विचारलेल्या महत्त्वाच्या प्रश्नाचं उत्तर जाणूनबुजून चुकीचं दिलं, तर ती पॉलिसी रद्दबातल ठरवू शकते. देशोदेशी तपशील बदलतो: इंग्लंडच्या २०१२च्या ग्राहक विमा कायद्यात निष्काळजीने राहून गेलेल्या माहितीसाठी क्लेम प्रमाणात कमी होऊ शकतो, पण मुद्दाम दडवलेलीसाठी संपूर्ण करार जातो. तुमच्या बाबतीत 'राहून गेलं' म्हणायला वाव नाही, कारण तुम्ही विचार करून लपवणार आहात. एजंटने तोंडी सांगितलं हा बचावही लंगडा, कारण अर्जाखाली सही तुमची असेल.

शिवाय ते लपतच नाही. जहाजावरचा डॉक्टर पहिल्यांदा पूर्वीचे आजार आणि चालू गोळ्या विचारतो. सासूबाई खरं सांगतील, त्यांनी सांगायलाच हवं. ते केसपेपरवर येतं, आणि क्लेमसोबत तोच कागद विमा कंपनी मागते.

स्टेंटपेक्षाही वाढवलेला डोस मला जास्त खटकतो. बऱ्याच पॉलिसी जुना आजार 'स्थिर' असेल तरच स्वीकारतात. मागच्या ६० ते १८० दिवसांत गोळी बदलली, डोस कमी-जास्त झाला किंवा नवी तपासणी सांगितली, तर आजार अस्थिर धरला जाऊ शकतो. हे दिवस पॉलिसी घेतल्याच्या तारखेपासून मागे मोजायचे की निघण्याच्या, हे पॉलिसीगणिक बदलतं. निघण्याच्या तारखेपासून मोजत असतील आणि अट ९० दिवसांची असेल, तर चार महिन्यांत तुमची अडचण आपोआप सुटेल, अर्थात मध्ये पुन्हा बदल झाला नाही तर. काही पॉलिसी पहिली रक्कम भरल्यापासून साधारण १४ ते २१ दिवसांत विमा घेतल्यास ही अट माफ करतात. ती मुदत अजून शिल्लक असेल तर आजच हालचाल करा. घाईचं आणखी एक कारण: रद्द करण्याचं संरक्षण पॉलिसी निघाल्यापासून सुरू होतं. उशीर केलात तर मधल्या काळातलं आजारपण आधीपासून माहीत असलेलं म्हणून वगळलं जाईल.

पॉलिसीत क्रूझचा स्पष्ट उल्लेख हवा. काही साध्या प्रवास पॉलिसींत क्रूझ वगळलेली असते किंवा जादा प्रीमियमने जोडावी लागते. जहाज चुकल्याचं संरक्षण असेल तर विमान उतरणं आणि जहाज सुटणं यांत किती तास राखायचे याची अट वाचा. शक्यतो निघण्याच्या आदल्या दिवशीच बंदराच्या गावी पोहोचा. सकाळी उतरून दुपारी जहाज गाठण्याचा बेत विमा कंपनीलाही पसंत नसतो.

वेळ आलीच तर एअर ॲम्ब्युलन्स स्वतः ठरवू नका. पॉलिसीवरच्या २४ तासांच्या क्रमांकावर आधी फोन करून मंजुरी घ्या, नाहीतर खर्च नाकारला जाऊ शकतो. डॉक्टरचा अहवाल, तपशीलवार बिल आणि बंदर वगळलं असल्यास कंपनीचं पत्र जहाज सोडण्यापूर्वीच घ्या. अथेन्स करार लागू असेल तर सामानाचं न दिसणारं नुकसान उतरल्यापासून १५ दिवसांत लेखी कळवायचं असतं आणि इजेचा दावा दोन वर्षांत लावायचा असतो. तिकिटांमधल्या मुदती याहून आखूड असू शकतात.

प्रीमियम भरण्याआधी विमा कंपनीला ईमेल करा आणि उत्तर जपून ठेवा. मजकूर असा चालेल: 'विमा घेणाऱ्या व्यक्तीचं वय ७२. तीन वर्षांपूर्वी स्टेंट. अमुक तारखेला रक्तदाबाच्या गोळीचा डोस वाढवला. प्रवास अमुक तारखेपासून क्रूझवर. हृदयविकाराशी संबंधित उपचार, वैद्यकीय स्थलांतर आणि सहल रद्द करणं या तिन्हींना संरक्षण आहे का? त्यांच्या आजारपणामुळे मुलगा आणि सून यांनाही सहल रद्द करावी लागली, तर त्या दोघांचं भाडं मिळेल का? जवळच्या नातेवाइकांच्या तुमच्या व्याख्येत सासू येते का?'