कोणता राग लावू, असे विचारणाऱ्या मुलीस

चि. मुली,

अनेक आशीर्वाद.

आजीच्या स्मृतिभ्रंशावर सकाळी कोणता राग लावावा आणि संध्याकाळी कोणता, असे तू विचारले आहेस. मनःशांतीसाठी म्हणून मोबाइलवर मिळणारी बासरी लावली की ती चिडते, अंगावरची चादर भिरकावते आणि ‘घरी जायचे आहे’ म्हणत दाराकडे निघते. डॉक्टर म्हणतात संगीत ऐकवून पाहा, काका म्हणतात हे सारे थोतांड आहे, आणि तुला कोणाचे खरे मानावे हे कळेनासे झाले आहे. मी आयुष्यभर शाळेत संगीत शिकवले, तेव्हा माझ्याकडून रागांची यादी मिळेल अशी तुझी अपेक्षा असणार. ती मी देणार नाही. आजीचे गाणे शोध. तुला आवडणारे नव्हे, मला पसंत असलेले नव्हे, थोर म्हणून नावाजलेले नव्हे, तिचे.

तुझे पत्र मी पुन्हा वाचले. त्यात तिच्या गोळ्यांची नावे मात्रेसह आहेत, झोपेच्या वेळा आहेत, तपासण्यांचे अहवाल आहेत. ती तरुणपणी काय गुणगुणत असे याबद्दल मात्र एक ओळ नाही. तिने सोलापूरच्या पूर्व भागातल्या घरात विड्या वळल्या, आजोबांनी आधी हातमागावर आणि मग यंत्रमागावर चादरी विणल्या, घरात तेव्हा तेलुगूच बोलली जात असे, हे तू जाता जाता लिहून गेली आहेस. अगं, सगळे उत्तर तिथेच आहे. दोन भाषांत आयुष्य काढलेली माणसे या आजारात पुष्कळदा पहिल्या भाषेकडे परततात. आता तुमच्या घरात मराठी बोलली जाते आणि वर बासरीला तर शब्दच नाहीत. त्या बाईने तुमच्या घरात स्वतःला कुठे शोधावे?

गाणे का टिकते, हेही समजून घे, म्हणजे काकांना उत्तर देता येईल. अल्झायमरच्या आजारात नव्या आठवणी साठवणाऱ्या हिप्पोकॅम्पस या मेंदूच्या भागाला लवकर इजा होते, म्हणून सकाळी जेवले की नाही हे तिला सांगता येत नाही. लाइपझिगच्या माक्स प्लांक संस्थेतील संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले की फार पूर्वीपासून ओळखीची असलेली गाणी ऐकताना मेंदूचे जे भाग विशेष जागे होतात, त्यांची झीज या आजारात इतर भागांच्या मानाने बरीच कमी असते. ‘पूर्वीपासून ओळखीची’ हे शब्द सोडू नकोस. साधारण दहाव्या ते तिसाव्या वर्षापर्यंतच्या आठवणी माणसाच्या मनात सर्वांत दाट असतात. तुझ्या आजीच्या त्या वर्षांत ही बासरी नव्हती. तिचे गाणे शोध, असे मी पुन्हा म्हणते ते यासाठी.

कुठून सुरुवात करावी, असे विचारशील. नवरात्राच्या दिवसांत तेलुगू स्त्रिया फुलांचे थर रचून बतुकम्मा करतात आणि तिच्याभोवती टाळ्या वाजवत फेर धरतात, ती गाणी तिने नक्कीच म्हटली असतील. त्या गाण्यांची बांधणी पाहा. एकजण ओळ सांगते आणि बाकीच्या साऱ्याजणी ‘उय्यालो’ म्हणून ती पुरी करतात. ओळ आठवली नाही तरी चालते, उत्तर तेवढे द्यायचे असते, आणि हात आपोआप टाळीला जातात. ज्या बाईला वाक्य सुरू करता येत नाही तिला पुरे करता येते, यापेक्षा सोयीची रचना मला तरी ठाऊक नाही. त्याखेरीज बाळाला निजवायची गाणी असतील, लग्नातली असतील, विड्या वळताना सगळ्यांनी मिळून म्हटलेली असतील. मला त्यातले एकही येत नाही. तुझ्या गल्लीतल्या म्हाताऱ्या बायकांना येते.

त्यांच्याकडे आजच जा. हे मी आज्ञेच्या सुरात सांगते, कारण माझ्या मनाला एक चुटपुट लागून राहिली आहे. माझे वडील मिलमध्ये होते आणि चाळीतल्या भजनी मंडळात टाळ धरीत. आजार वाढल्यावर मी त्यांना नामवंत गायकांचे अभंग ऐकवू लागले, तेव्हा ते मान हलवून ‘हे नव्हे’ म्हणत. अभंग तोच असे, पण चाल दुसरी! त्यांच्या मंडळाची चाल जाणणारा एकही माणूस तोवर उरला नव्हता, आणि ज्या वहीत ते सारे लिहिले होते ती घर रिकामे करताना नातलगांनी रद्दीत घातली. त्यांच्या तोंडून निघालेल्या तुटक हुंकारांवरून मी दोन चाली जुळवल्या; त्या म्हटल्या की ते शेवटच्या महिन्यांतही मांडीवर बोटांनी ठेका धरीत. बाकीच्या चाली गेल्या. म्हणून सांगते, आजीच्या मैत्रिणी आहेत तोवर मोबाइल उघड आणि त्यांचे आवाज भरून घे.

मी हटवादी आहे असे इथे पुष्कळांचे मत आहे. एका वृद्धाश्रमात मी काही काळ जात होते. तिथे दिवसभर दूरदर्शन संच चालू असे. तो तासभर बंद ठेवा आणि प्रत्येकाच्या नातलगांना त्यांच्या गाण्यांबद्दल विचारा, एवढेच मी मागितले. ‘तुम्ही काहीतरी सर्वांना चालेल असे गा’, असे उत्तर मिळाले. मी जाणे सोडले. अहंकार म्हणून सोडले, असे लोक म्हणतात, म्हणोत. सर्वांना चालेल असे गाणे कोणाचेच नसते. ज्यांचे तारुण्य यमन ऐकण्यात गेले त्यांना यमन अवश्य ऐकवावा, त्याला माझा विरोध नाही. पण एका घरी महिनोन्महिने गप्प असलेले आजोबा गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत गल्लीतून हलगी वाजत गेली तेव्हा उठून बसले होते, आणि त्यांच्या सुनेने तोवर त्यांच्यासाठी सतारीच्या ध्वनिमुद्रिका आणून ठेवल्या होत्या.

आता तुझी दुसरी अडचण. संध्याकाळची घालमेल सुरू झाल्यावर तू गाणे लावतेस, तिथे उशीर होतो. लिंडा गर्डनर या अमेरिकी परिचारिका-संशोधिकेने व्यक्तीच्या आवडीच्या संगीताचा अभ्यास केला आणि अस्वस्थता शिगेला पोहोचते त्या वेळेच्या साधारण ३० मिनिटे आधी ते ऐकवावे, असे सुचवले. तेव्हा आठवडाभर नुसती वेळ टिपून ठेव. मधे जाहिराती येणार नाहीत अशी व्यवस्था कर, कारण अचानक ओरडणारा अनोळखी आवाज तिला घाबरवतो. आणि जमेल तिथे यंत्र बाजूला ठेवून स्वतः गा, पट्टी दोन-तीन सुरांनी खाली आणि लय तुला संथ वाटेल इतकी संथ. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या फिनलंडमधील एका अभ्यासात रुग्ण आणि त्यांची काळजी घेणारी व्यक्ती अशा ८९ जोड्या होत्या. १० आठवडे काहींनी मिळून गाणी म्हटली, काहींनी मिळून ऐकली. दोन्ही गटांतील रुग्णांची मनःस्थिती सुधारली, आणि गाणाऱ्या गटात काळजी घेणाऱ्यांनाही बरे वाटले. तुझा आवाज चांगला नाही, हे कारण मला सांगू नकोस.

काकांचे म्हणणे एका बाबतीत खरे आहे. गाण्याने आजार मागे फिरत नाही. अनेक वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणाऱ्या कोक्रेन या संस्थेच्या २०१८ सालच्या आढाव्यात संगीतोपचारांनी उदासी कमी होते असे बहुधा दिसले, आक्रस्ताळेपणावर मात्र फारसा परिणाम आढळला नाही. त्यामुळे गोळ्या चालू राहतील, चिडचिडही होईल, एखाद्या गाण्याने ती रडेल. रडू शांत असेल तर जवळ बसून राहा. घाबरी झाली तर ते गाणे थांबव आणि त्याचे नाव वहीत वेगळे लिहून ठेव. तेही तिचेच गाणे आहे, फक्त कोणत्या दुःखाचे ते आपल्याला ठाऊक नाही.

या सगळ्याच्या आधी एक काम करायचे आहे, जे तुमच्या घरात कोणालाच सुचलेले दिसत नाही. तिचे कान शेवटचे कधी तपासले? मळ साठला असेल किंवा ऐकू कमी येत असेल तर बासरी काय आणि बतुकम्मा काय, तिच्यापर्यंत नुसता गोंगाट पोहोचेल. कानाच्या डॉक्टरांकडे जाऊन आल्याखेरीज मला पुढचे पत्र लिहू नकोस.

तुझी,
बाई