दहशतवाद्यांच्या भीतीने कोकणची ट्रिप कॅन्सल करावी का?

तुमचा प्रश्न असा की दिवाळीत पुण्याहून हरिहरेश्वरला यायचं ठरलंय, बरोबर दोन लहान मुलं, आणि सासूबाई अडून बसल्यात की तो किनारा धोक्याचा, तिथे मागे बंदुकांची बोट लागली होती, पहलगामला काय झालं ते बघितलं नाही का. तर धोका खरंच किती आणि त्यांना काय सांगायचं.

ताई, मी श्रीवर्धन तालुक्यातलाच. घरातल्या चार खोल्या पर्यटकांना देतो, म्हणजे तुम्ही यावं यात माझा फायदा आहे, हे आधीच सांगितलेलं बरं.

पहिली ती बोट. 18 ऑगस्ट 2022, दहीहंडीचा आदला दिवस, हरिहरेश्वरच्या किनाऱ्याला रिकामी बोट लागली आणि आत तीन एके-47 आणि काडतुसं सापडली. टीव्हीवर जे सुरू झालं ते बघून आम्हालाच वाटायला लागलं की आपल्या गावात कायतरी झालंय आणि आपल्यालाच माहीत नाही. संध्याकाळपर्यंत माझी शनिवार-रविवारची सगळी बुकिंगं गेली. एका काकांनी फोनवर विचारलं, गोळीबार थांबला का? गोळीबार! आई ओट्यावर सुके बोंबील निवडत बसली होती, तिला फोन द्यावासा वाटला. त्याच दिवशी फडणवीसांनी विधानसभेत सांगितलं की बोट एका ऑस्ट्रेलियन बाईची, मस्कतहून युरोपला निघालेली, जूनमध्ये इंजिन बंद पडलं, माणसांना दुसऱ्या जहाजाने वाचवलं आणि बोट वाहत वाहत इकडे आली. लेडी हान नाव तिचं. पण ज्यांनी कॅन्सल केलं त्यांच्यातल्या एकाने पण परत फोन केला नाही, भीतीची बातमी पोचली आणि खुलाशाची बातमी कुठेतरी वाटेत राहिली.

तरी सासूबाईंना येड्यात काढू नका. त्यांच्या वयाच्या माणसांना 1993 आठवत असणार. त्या वर्षी फेब्रुवारीत आरडीएक्स उतरलं ते याच किनाऱ्यावर, शेखाडीला, श्रीवर्धनहून दिवेआगरला जाताना लागतं ते गाव, हल्ली लोक गाडी थांबवून समुद्राचे फोटो काढतात ना, तेच. कस्टम आणि पोलिसांतली काही माणसं फुटलेली होती, पुढे कोर्टात शिक्षाही झाल्या. तो माल मुंबईला गेला आणि 12 मार्चला 257 माणसं गेली. 2008 ला अतिरेकी परत समुद्रातूनच मुंबईत आले, कुबेर नावाची गुजरातची मच्छीमार बोट पळवून, आणि 166 माणसं मारली. म्हणजे धोका हवेतला नाही. त्यानंतरच किनाऱ्यावर खलाशांना ओळखपत्रं आली, बोटींना रंग ठरवून दिले, आणि वर्षातून दोनदा सागर कवच म्हणून सराव होतो, त्यात साध्या कपड्यातले पोलीस अतिरेकी बनून येतात आणि बाकीच्यांनी त्यांना पकडायचं. पोरांना भारी मजा वाटते. पहाटे चारला जाळी घेऊन निघालेल्या तांडेलाला, म्हणजे मच्छीमार बोटीच्या म्होरक्याला, कार्ड दाखव, कागद दाखव करावं लागतं त्याला नाही वाटत.

आता आकडे. मुंबईतले तीन सगळ्यात मोठे हल्ले घ्या, 1993 चे 257, 2006 च्या लोकल स्फोटांतले 189, 26/11 चे 166. मिळून 612. आणि मुंबईच्या लोकलवर रूळ ओलांडताना, दारातून पडून वगैरे गेली काही वर्षं वर्षाला अडीच हजाराच्या आसपास माणसं जातात, म्हणजे तेवढी 612 साधारण तीन महिन्यांत. रस्त्यांचं बघायचं तर 2022 ला देशात 1,68,491 माणसं अपघातात गेली, त्यातली 15,000 च्या वर आपल्या महाराष्ट्रात. दिवसाला चाळीसच्या वर पडतात. 26/11 ला साठ तास लागले आणि अख्खं जग बघत होतं, आपले रस्ते तेवढी माणसं चार दिवसांत खातात आणि पेपरात आतल्या पानावर चार ओळी. साप चावून देशात वर्षाला अंदाजे 58,000 जातात म्हणतात. आमच्या कोकणात तर पूर्वी विंचवाची दहशत होती, लाल विंचू चावून गंभीर झालेल्या शंभरातले तीस-चाळीस दगावायचे, मग महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी ब्लडप्रेशरची प्राझोसिन नावाची गोळी वापरून ते एकाच्या आसपास आणलं. त्या विंचवावर कोणी रात्री नऊ वाजता चर्चा घेतली होती का?

मग भीती याचीच का जास्त? मला जे समजलंय ते असं, की रस्त्यावर स्टिअरिंग आपल्या हातात आहे असं वाटतं, समुद्राला आपल्यावर राग नसतो, पण दहशतवादी मुद्दाम आपल्याला मारायला येतो आणि तेही आपण आईस्क्रीम खात असताना. पॉल स्लोविक नावाच्या मानसशास्त्रज्ञाचं कामच यावर आहे, आपला ताबा नसलेला, एकदम घाला घालणारा धोका माणसाला आकड्यापेक्षा कितीतरी मोठा दिसतो. आणि शिकून ही भीती जात नाही बरं का. डॅनियल काहनेमान, नोबेल मिळालेला माणूस, आयुष्यभर हेच शिकवलं, त्याने स्वतः कबूल केलंय की इस्रायलमध्ये बसमध्ये स्फोट व्हायचे त्या काळात सिग्नलला बसशेजारी गाडी थांबली की त्याला नको व्हायचं आणि दिवा बदलला की तो जरा जोरातच निघायचा. आकडे त्याला पाठ होते तरी.

भीतीपायी माणसं मरतात पण. 9/11 नंतर अमेरिकेत लोकांनी विमान सोडून गाडीने लांबचे प्रवास सुरू केले. गेर्ड गिगरेंझर या जर्मन संशोधकाने हिशोब काढला, पुढच्या वर्षभरात रस्त्यावर नेहमीपेक्षा दीड हजारावर जास्त माणसं मेली, म्हणजे त्या चार विमानांत जेवढी होती त्याच्या सहापट.

आमच्याकडचं सांगतो. पहलगामला 26 माणसं मारली, त्यातली सहा आपल्या महाराष्ट्रातली, त्यानंतरच्या मे महिन्यात ठाण्याचं एक कुटुंब आलेलं. साहेबांनी गाडीतून उतरायच्या आधी विचारलं, इथे सीसीटीव्ही आहे का, पोलीस चौकी किती लांब. वाढायला येतो त्या पोराचं आधार कार्ड मागितलं, तो आमच्या चुलत्यांचा नातू. चालेल म्हटलं, काळजी असते माणसाला. पण मुंबई-गोवा हायवेने रात्रभर आलेले आणि सहा-सात वर्षांची मुलगी पुढच्या सीटवर वहिनींच्या मांडीवर, बेल्ट नाही काही नाही. दुसऱ्या दिवशी देवळामागच्या प्रदक्षिणेला गेले. दोन कड्यांच्या फटीतून पायऱ्या उतरतात आणि खाली नुसता खडक आणि समुद्र, ओहोटीला छान, भरतीला तिथे आम्ही पण जात नाही. भरती लागलेली. साहेब स्लीपरवर, मुलगी खांद्यावर, समुद्राकडे पाठ करून सेल्फी. वरनं एकजण शिट्ट्या मारतोय तर हात करतात, पाच मिनिटं. पुढची लाट कमरेपर्यंत आली, मोबाईल गेला, मुलगी वाचली. हसत हसत वर आले. आणि रात्री सोलकढी पिता पिता मला परत विचारतात, रात्री पेट्रोलिंग असतं ना?

मी हो म्हटलं. असतंच.

2016 च्या 1 फेब्रुवारीला मुरुडच्या बीचवर पुण्याचे 14 विद्यार्थी एका दुपारी बुडाले. देशात बुडून वर्षाला पस्तीस हजाराच्या वर जातात. एक खरंय, हल्ल्यांचे आकडे रस्त्यासारखे दरवर्षी सारखे येत नाहीत, दहा वर्षं काही नाही आणि मग एका दिवसात शेकडो, आणि बंदोबस्त असतो म्हणूनही कमी राहतात, त्यामुळे सरकारने ते कार्ड-बिर्ड बंद करावं असं मी म्हणत नाहीये. पण ते काम त्यांचं. चार दिवसांच्या सुट्टीत तुमच्या हातात आहे ते वेगळंच.

सासूबाईंना आकडे सांगू नका, माझा अनुभव आहे, आकड्याने कोणाची भीती जात नाही उलट भांडण होतं. त्यांनाच काम द्या. ताम्हिणीतून रात्री गाडी काढायची नाही हे त्यांनी ठरवायचं, सकाळी सहाला निघा, दुपारच्या जेवणाला आरामात पोचता. मुलं मागच्या सीटवर, बेल्ट लावून. पाण्यात गुडघ्याच्या पुढे नाही आणि ओहोटीला तर मुळीच नाही, आत ओढतं. आणि जिथे उतराल तिथे पहिलं भरतीची वेळ विचारा, रोज पाऊणएक तासाने पुढे सरकते, काल बघितलेली आज चालत नाही. ती लिहून ठेवायचं काम सासूबाईंचं.

दिवाळीत सुरमई महाग असते, बांगडा खा.