मीठ-मिरे वाहायचं देऊळ

प्रश्न : आईचे गुडघे फार दुखतात. शेजारच्या काकू म्हणतात तामिळनाडूत वैद्यीश्वरन कोविलला जाऊन मीठ-मिरे वाहा. पण ते तर नाडीपट्टीवाल्यांचं, म्हणजे ताडपत्रांवरून भविष्य सांगणाऱ्यांचं गाव ना? तिथे नक्की काय असतं? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : गाव तेच हो! आपल्याकडून जाणारे बहुतेक जण नाडीसाठी नाहीतर पत्रिकेतल्या मंगळासाठीच जातात, आणि देऊळ उरकल्यासारखं बघून येतात. मीही पहिल्यांदा तसाच गेलो होतो, उतरल्या उतरल्या एकजण मागेच लागला, अंगठ्याचा ठसा द्या म्हणून (पुरुषांचा उजवा, बायकांचा डावा), त्यातच अर्धी सकाळ गेली. असो.

खरं देऊळ आहे वैद्याचं. आपल्या परळीला वैद्यनाथ, तसा इथे शंकर वैद्यनाथस्वामी, आणि देवी तैयलनायकी औषधी तेलाचं भांडं घेऊन त्याच्यासोबत, म्हणजे डॉक्टर आणि कंपाउंडर दोघं घरचेच म्हणा ना. मंगळाला कुष्ठरोग झाला होता तो इथे बरा झाला अशी कथा आहे, म्हणून नवग्रहांपैकी मंगळाचं क्षेत्र हेच आणि मंगळवारी तुफान गर्दी. जटायूचे अंत्यसंस्कार रामाने इथेच केले असंही मानतात, त्याचं जटायू कुंड देवळातच आहे.

काकूंचं बरोबर आहे, मीठ आणि मिरे वाहतात. बाहेर पुड्या मिळतात, आत जाऊन ढिगावर ओतायच्या. मी ओतली आणि मिऱ्यांच्या वासाने लागोपाठ शिंका, मागच्या आजी तामिळमध्ये काहीतरी म्हणाल्या आणि हसल्या, मला काही कळलं नाही. सिद्धामृतम तळ्यात गूळ सोडतात, तो विरघळतो तसे अंगावरचे फोड-बिड जातात ही श्रद्धा. हात, पाय, डोळे असे कोरलेले छोटे पातळ पत्रे मिळतात, जे दुखतं ते घेऊन हुंडीत (दानपेटीत) टाकायचं, वांद्र्याच्या माउंट मेरीला मेणाचे हात-पाय वाहतात ना, अगदी तसंच. आईंसाठी पायाचा घ्या. प्रसाद म्हणून माती, भस्म आणि तळ्याचं पाणी मिळून केलेली गोळी असते, ती आपल्या डॉक्टरला न विचारता पोटात नको आणि चालू गोळ्या बंद करून तर मुळीच जाऊ नका, गुडघ्यांचं एकदा हाडांच्या डॉक्टरांना दाखवून मगच निघा.

देऊळ मोठं आहे, चालायला लागतं, म्हणून मुक्काम चिदंबरमला करून सकाळी लवकर टॅक्सीने या, अंतर पंचवीसेक किलोमीटर. दुपारी देऊळ बंद असतं, आणि मंगळवार टाळा. आईंना बीपी असेल तरी मिठाची काळजी नको, ते वाहायचंय, खायचं नाहीये!