‘उद्या येतो’ की ‘उद्या येईन’?

प्रश्न असा आहे: ‘मी उद्या येतो’ हे अशुद्ध मराठी आहे का, ‘येईन’च म्हणायला हवं का? त्यालाच जोडून दुसरा: ज्या भाषांत भविष्यकाळ वेगळा दाखवावा लागत नाही, त्या बोलणारे लोक जास्त बचत करतात असं एक संशोधन सांगतं. मग मराठी कुठल्या गटात?

‘उद्या येतो’ शंभर टक्के शुद्ध आहे. ठरलेल्या गोष्टीसाठी आपण सर्रास वर्तमानकाळ वापरतो: ‘परवा सुटी आहे’, ‘परीक्षा सोमवारी सुरू होते’. आणि ‘आलोच!’ म्हणणारा तर अजून जागचा हललेलाही नसतो, क्रियापद मात्र भूतकाळी. व्याकरणातला काळ आणि घड्याळातली वेळ एकच असली पाहिजे, हा हट्ट कुठल्याच भाषेत चालत नाही.

खरी गंमत रूपांमधल्या फरकात आहे. उसने पैसे परत करायचे आहेत. ‘उद्या देतो’ म्हणणारा त्याच क्षणी शब्द देतो. ‘उद्या देणार आहे’ यात आधीच ठरवलेला बेत आहे. ‘उद्या देईन’ यात तयारी आहे, पण मागे एक न बोललेलं ‘जमलं तर’ उभं राहू शकतं. ‘पगार झाला तर देईन’ हे सहज येतं, ‘पगार झाला तर देणार आहे’ जरा अडखळतं. नकारात हा फरक पुसट होतो: ‘देईन’चा नेहमीच्या बोलण्यातला नकारही ‘देणार नाही’ असाच होतो.

‘देईन’मधला हा अंदाजाचा सूर ‘तो आत्ता घरी असेल’ या वाक्यात उघड दिसतो. रूप भविष्याचं, गोष्ट या क्षणाची! या रूपाची घडणही पाहण्यासारखी आहे. जुन्या मराठीत ‘करी’ हे वर्तमानकाळाचं रूप होतं. त्याला ‘ल’ लागून ‘करील’ झालं, आणि नुसतं ‘करी’ आज ‘तो रोज पहाटे व्यायाम करी’ अशा रीतिभूतकाळात उरलं आहे. एकाच रूपाची एक फांदी मागे गेली, एक पुढे.

आता ते संशोधन. अर्थशास्त्रज्ञ कीथ चेन यांचा लेख 2013 साली ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये आला. जर्मन, फिनिश, मँडरिन, जपानी या भाषा एका बाजूला; इंग्रजी, फ्रेंच, ग्रीक दुसऱ्या. पहिल्या गटातले लोक जास्त बचत करतात, धूम्रपान कमी करतात, असा संबंध त्यांना आढळला. गट पाडायची कसोटी भाषाशास्त्रज्ञ ओस्टेन दाल यांच्या कामातून घेतलेली: बोलणाऱ्याच्या हेतूशी संबंध नसलेल्या भाकितात, जसं हवामानाच्या अंदाजात, भविष्याची खूण सक्तीची आहे का? जर्मनमध्ये ‘उद्या पाऊस पडतो’ या धर्तीचं वाक्य चालतं. मराठीत ‘पडेल’ किंवा ‘पडणार’ असंच म्हणावं लागतं. म्हणजे या कसोटीवर, माझ्या मते, मराठी इंग्रजीच्या बाजूला जाते.

पण कसोटी बदलली की गटही बदलतात. भाषांच्या घडणीची तुलना करणाऱ्या ‘वर्ल्ड ॲटलास ऑफ लँग्वेज स्ट्रक्चर्स’मध्ये क्रियापदाचंच रूप बदलून भविष्य दाखवतात का, एवढंच पाहिलं आहे. तिथे 222 भाषांपैकी 110 तसं दाखवतात, 112 दाखवत नाहीत. इंग्रजीचा ‘विल’ हा सुटा शब्द असल्याने ती तिथे फिनिशच्या रांगेत बसते, चेन यांच्या वर्गवारीत बरोबर उलट. आपला ‘करील’ मात्र दोन्हीकडे ‘भविष्य दाखवणारा’च.

मोठी अडचण याहून जुनी आहे. ब्रिटिश शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन यांनी 1889 मध्ये छापल्या गेलेल्या चर्चेत विचारलं होतं, की ज्या समाजांनी चालीरीती एकाच मुळातून किंवा एकमेकांकडून घेतल्या, त्यांना सुटे सुटे पुरावे म्हणून कसं मोजायचं? भाषांनाही हेच लागू. बहिणी बहिणी असलेल्या भाषांचं व्याकरण सारखं असतं आणि त्या बोलणाऱ्यांच्या सवयीही सोबतच चालत आलेल्या असतात. 2015 साली शॉन रॉबर्ट्स, जेम्स विंटर्स आणि स्वतः चेन यांनी ‘प्लॉस वन’ या संशोधनपत्रिकेत हे पुन्हा तपासलं. काही चाचण्यांत संबंध टिकला, पण भाषांचं नातं आणि शेजार एकत्र हिशेबात धरणाऱ्या कडक चाचणीत तो टिकला नाही. आपलाच निष्कर्ष असा तपासायला बसणं मला फार मोलाचं वाटतं. ‘येईन’ म्हणतो म्हणून मराठी माणूस उधळ्या, असं मात्र यातून कुणी काढू नये.

व्याकरणाचा आणि बचतीसारख्या सवयींच्या अभ्यासाचा खरा सांधा मला सर्वेक्षणाच्या प्रश्नावलीत दिसतो, आणि त्याकडे फार कमी लक्ष जातं. ‘पुढच्या महिन्यापासून थोडे पैसे बाजूला ठेवाल का?’ हे मराठीत विनंतीसारखं ऐकू येतं. समोरचा भिडेखातर ‘हो, ठेवू की’ म्हणतो आणि तक्त्यात बचतीचा इरादा म्हणून एक आकडा वाढतो. ‘ठेवणार आहात का?’ असं विचारलं तर बेताबद्दल विचारल्यासारखं होतं. ‘ठेवता का?’ म्हटलं की उत्तर सवयीबद्दल येतं. इंग्रजी प्रश्नातला ‘विल’ पाहून डोळे मिटून ‘-आल का’ लिहिणाऱ्या अनुवादकाने ही तिन्ही वाक्यं एकदा मोठ्याने म्हणून पाहावीत, आणि उत्तरात ‘ठेवतो’, ‘ठेवीन’, ‘ठेवणार आहे’ यांपैकी काय आलं तेही जसंच्या तसं टिपावं.