शाळेच्या फ्रान्स ट्रिपला दहा वर्षांच्या मुलीला एकटीला पाठवावं का?

तुम्ही लिहिलंय की मुलगी इंग्लंडमध्ये इयर सिक्सला (प्रायमरीच्या शेवटच्या वर्षाला) आहे, जूनमध्ये शाळा पाच दिवस नॉर्मंडीला नेतेय, ती आजवर एक रात्रसुद्धा तुमच्याशिवाय राहिलेली नाही, घरात सगळे पक्के शाकाहारी, आणि सासूबाई भारतातून रोज फोनवर म्हणतायत की एवढ्याशा पोरीला परदेशात कशाला धाडताय. माझं उत्तर सरळ आहे, पाठवा. मी इंग्लंडमध्ये एका प्रायमरी शाळेत टीचिंग असिस्टंट आहे, इयर सिक्सच्या मुलांबरोबर फ्रान्सला जाऊन आलेय, आणि माझा मुलगाही त्याच्या शाळेतून गेला होता, त्यामुळे दोन्ही बाजूंचं सांगू शकते.

आपल्याला भीती कसली वाटते, तर समुद्र, परका देश, पोर हरवेल, आजारी पडेल. या सगळ्याची शाळा महिनोन्‌महिने आधी तयारी करते, रिस्क असेसमेंट असतं, प्रत्येक मोठ्या माणसाकडे ठरलेली मुलं असतात, आणि कोच बसमध्ये चढताना, उतरताना, फेरी बोटीवर, टॉयलेट ब्रेकनंतर इतक्या वेळा डोकी मोजली जातात की शेवटी मुलंच आपापले नंबर ओरडायला लागतात. तिथे फारसं काही बिघडत नाही. मुलं अडतात ती भलत्याच ठिकाणी, जिथे घरी आपण काही न बोलता त्यांचं काम करून टाकत असतो.

एका मुलीचे केस अगदी कमरेपर्यंत होते. घरी आजी रोज तेल लावून दोन वेण्या घालून द्यायची. पहिल्या सकाळी ही कंगवा आणि दोन रबरं हातात घेऊन खोलीच्या दारात उभी, बाकीच्या मुली ब्रेकफास्टला खाली गेलेल्या, आणि कुणाला सांगायचं हेच तिला कळेना, डोळे भरून आलेले. मी वेण्या घालून दिल्या, दोन मिनिटांचं काम. दुसऱ्या दिवशी मी दुसऱ्या ग्रुपबरोबर होते, तर तिच्याच खोलीतल्या एका मुलीने एक वेणी घालून दिली होती, एका बाजूला सरकलेली, बटा सुटलेल्या, आणि ही दिवसभर तशीच मस्त बागडत होती. शेवटच्या दिवशी तिने स्वतःच पोनीटेल बांधली. मला विचाराल तर त्या ट्रिपमध्ये तिने हेच कमावलं, फ्रेंच वगैरे नंतर.

तेव्हा जून यायच्या आत तिला या गोष्टी शिकवा. केस स्वतः बांधणं, शॉवर स्वतः सुरू करून पाणी जुळवणं (तिथल्या सेंटरमध्ये बरेचदा बटण दाबायचा शॉवर असतो, थोड्या वेळाने आपोआप बंद होतो, मुलं साबण लावलेल्या अवस्थेत गोंधळतात), ओला टॉवेल वाळत टाकणं, स्वतःची बॅग भरणं. बॅग तुम्ही भरू नका हो, तिला भरू द्या, तुम्ही नुसतं बघा, नाहीतर तिला आपले मोजे कुठे आहेत तेच माहीत नसतं आणि पाच दिवस एकाच जोडीवर काढते. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे काही हवं असेल, दुखत असेल तर समोरच्या मोठ्या माणसाला तोंडाने सांगणं. आपली मुलं घरी पटपट बोलतात, पण टीचरला त्रास नको म्हणून गप्प बसतात, हे मी खूप बघितलंय. आणि ट्रिपच्या आधी एखाद्या मैत्रिणीकडे एक रात्र राहायला पाठवा.

या वयाच्या मुलींबद्दल अजून एक, जे पालक सभेत कोणी विचारत नाही. पाळी सुरू झालेली नसली तरी बॅगेत पॅड द्या, कसं वापरायचं ते दाखवून ठेवा, आणि बरोबर जाणाऱ्या एखाद्या बाईचं नाव तिला सांगा, की हिच्याकडे जायचं. रात्री अंथरूण ओलं होत असेल तर तेही टीचरला आधी कळवा, दरवर्षी एखादं मूल असतं, आम्ही गुपचूप चादर बदलतो, कोणालाही कळत नाही. औषधं तिच्या बॅगेत टाकू नका, मूळ पाकिटात, नाव लिहून, फॉर्मसकट शाळेकडे द्या. पोर्ट्समथहून नॉर्मंडीतल्या विस्त्रेआम बंदराची फेरी बोट असेल तर दिवसा साधारण ६ तास लागतात, डोव्हर ते कॅले असेल तर दीड तास पण पुढे कोचचा प्रवास लांबतो, म्हणजे बस किंवा बोट लागत असेल तर गोळी हवीच.

रात्रीचं सांगते. पहिल्या रात्री काही मुलं रडतात, आणि गंमत म्हणजे जी रडतील असं वाटतं ती बरेचदा रडत नाहीत. आम्ही कॉरिडॉरमध्ये बसलेलो असतो, पाणी देतो, थोडं बोलतो, झोपतात. फोन बहुतेक शाळा नेऊच देत नाहीत आणि ते बरंच आहे, कारण आईचा आवाज ऐकला की शांत झालेलं मूल पुन्हा सुरू होतं. तुम्ही एकच करा, "नाही आवडलं तर आम्ही लगेच न्यायला येऊ" असं चुकूनही बोलू नका. ते वाक्य पोराच्या डोक्यात बसतं आणि मग ते सगळा वेळ त्याचीच वाट बघतं. त्याऐवजी तिला सांगा की आठवण येईल, रडू आलं तर रड, टीचरला सांग, शुक्रवारी भेटूच.

जेवणाचं. सकाळी ब्रेड, बटर, जॅम आणि मोठ्या बाऊलमध्ये हॉट चॉकलेट, हे मुलांना जाम आवडतं. दुपारी बरेचदा पॅक लंच, रात्री पास्ता, बटाटा, सूप, सॅलड. शाकाहारी मुलीची उपासमार होत नाही, पण फॉर्मवर नुसतं "व्हेजिटेरियन" लिहून थांबू नका. अंडं चालतं का, मासे नाहीत, चिकन स्टॉकचं सूप नाही, जिलेटिन नाही, असं सगळं स्पष्ट लिहा. फ्रान्समध्ये किश नावाच्या अंडं घातलेल्या खाऱ्या पायमध्ये आणि सॅलडमध्ये बेकनचे बारीक तुकडे सहज पडलेले असतात, आणि पारंपरिक चीजमध्ये वासराच्या पोटातलं रेनेट (दूध घट्ट करणारा पदार्थ) असतं, ते तुम्हाला चालतं की नाही हे तुम्ही आधी घरी ठरवा, दहा वर्षांच्या पोरीवर टेबलावर बसून ठरवायची वेळ आणू नका. आणि चुकून काही तोंडात गेलं तर काय, हेही तिच्याशी आधीच बोला, म्हणजे ती घाबरून उपाशी बसणार नाही.

खाऊ द्यायची हौस मला कळते. पण शेंगदाण्याची चिक्की, लाडू, चिवडा नको, कोचमध्ये ॲलर्जीची मुलं असतात. आणि ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमधून ईयूमध्ये (युरोपियन युनियनमध्ये, म्हणजे फ्रान्समध्येही) मांस आणि दूध, त्यांचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे, बर्फी, चीज सँडविचही नाही.

कागदपत्रांचं थोडक्यात. पासपोर्ट फ्रान्समधून निघायच्या तारखेपुढे किमान ३ महिने चालणारा हवा, मुलांचा ब्रिटिश पासपोर्ट ५ वर्षांचाच असतो त्यामुळे आजच उघडून बघा. ऑक्टोबर २०२५ पासून बॉर्डरवर ईईएस, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद करणारी ईयूची नवी पद्धत, सुरू झालीय, १२ वर्षांखालच्या मुलांचे बोटांचे ठसे घेत नाहीत, फोटो काढतात. जीएचआयसी कार्ड (तिथल्या सरकारी उपचारांसाठीचं) फुकट मिळतं, ते काढून ठेवा. तिचा पासपोर्ट भारतीय असेल तर व्हिसाचं काय ते शाळेच्या ट्रिप लीडरला आजच ईमेलने विचारा आणि लेखी उत्तर घ्या, इतर पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विसंबू नका.

पैशाची अडचण असेल तर लाजू नका. इंग्लंडमधल्या सरकारी शाळेत ट्रिप मुख्यतः शाळेच्या वेळेत असेल तर शाळा राहण्याजेवणाचेच पैसे सक्तीने मागू शकते, बाकीचं ऐच्छिक योगदान असतं, आणि ठरावीक सरकारी बेनिफिट्स घेणाऱ्या पालकांना राहण्याजेवणाचंही माफ असतं. ऑफिसमध्ये जाऊन विचारलं की सांगतात, पण स्वतःहून क्वचितच सांगतात.

आता तिला तिथे मिळतं काय. इथल्या प्रायमरीत ब्रिटनचा इतिहास मुख्यतः १०६६ पर्यंत येतो, म्हणजे नॉर्मंडीच्या विल्यमने हेस्टिंग्जच्या लढाईत इंग्लंड जिंकलं तिथपर्यंत, आणि त्या लढाईचं सगळं चित्र नॉर्मंडीतल्या बायो गावच्या जवळजवळ ७० मीटर लांब भरतकामात आहे. त्या भरतकामाचं बायोतलं म्युझियम मात्र सप्टेंबर २०२५ पासून नूतनीकरणासाठी बंद आहे, त्यामुळे तुमच्या शाळेच्या कार्यक्रमात ते अजून छापलेलं असेल तर विचारा. आरोमाँशच्या किनाऱ्यावर १९४४ च्या मलबेरी बंदराचे, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात सैन्य उतरवायला बांधलेल्या कृत्रिम बंदराचे, काँक्रीटचे प्रचंड ठोकळे अजून पाण्यात उभे आहेत. ते ठोकळे ब्रिटनमध्ये बनवून खाडीपलीकडे ओढून नेले होते हे वर्गात कितीही सांगा, ओहोटीला वाळूत चालत जाऊन त्याच्या खाली उभं राहिल्यावर मुलांच्या तोंडून शब्द फुटत नाही. बायोच्या ब्रिटिश युद्ध कबरस्तानात मुलं सैनिकांच्या थडग्यांच्या दगडांवरची वयं वाचत जातात, १९, २०, २२, आणि मग कुणीतरी म्हणतं, माझा दादा एवढाच आहे.

आठवडी बाजारही असतोच. हातात थोडे युरो देऊन पीच आणायला सांगतात, आणि वर्गात फ्रेंचच्या तासाला मान खाली घालून बसणारं पोर तिथे ठेलेवाल्या काकांशी बोटांनी, मोडक्या फ्रेंचमध्ये बोलून बरोबर सुट्टे घेऊन येतं.

अजून एक, हे तुमच्यासाठी नाही, ज्यांची ट्रिप कॅलेच्या बाजूला आहे त्यांच्यासाठी. तिथे न्यव्ह-शापेलला पहिल्या महायुद्धातल्या भारतीय सैनिकांचं स्मारक आहे, १९२७ चं, वर कमळ असलेला उंच खांब आणि भिंतीवर ४,७०० पेक्षा जास्त नावं, ज्यांची समाधीसुद्धा कुठे नाही अशांची. ऑक्टोबर १९१४ मध्ये याच गावासाठी खडकीच्या बॉम्बे सॅपर्सच्या (लष्करातल्या इंजिनिअर सैनिकांच्या) दोन कंपन्या ४७ व्या शीख पलटणीबरोबर घराघरांतून लढल्या. आपल्या पुण्याच्या खडकीच्या. बहुतेक शाळांना हे ठिकाण माहीतच नसतं, म्हणून पालकांनी सुचवावं, अर्ध्या दिवसाचा बदल असतो आणि वर्गातल्या सगळ्याच मुलांना ते कळायला हवं असं मला मनापासून वाटतं.

सासूबाईंचं म्हणाल तर त्यांच्याशी वाद घालू नका. शाळा पालकांसाठी रोज फोटो टाकत असेल तर ते त्यांना पाठवायचं कबूल करा, आणि आल्यावर पहिला फोन मुलीला स्वतःला करू द्या, त्यांनाच. डिपॉझिटची तारीख फॉर्मवर असेल, जागा मोजक्या असतात, तेवढी चुकवू नका.