गोविंद बल्लाळ देवलांचं 'संगीत संशयकल्लोळ' हे नाटक आजच्या गृहसंकुलात घडतंय असं दाखवून बसवायचं आहे. तसबिरीऐवजी मोबाइल चालेल का? आणि पदं किती ठेवावीत?

मोबाइल चालणार नाही. हे मी करून पाहिलं आहे. फाल्गुनरावाच्या बायकोचं, कृत्तिकेचं काम माझ्याकडे होतं आणि तो फोन माझ्याच हातात होता.

आमच्या दिग्दर्शकाचं म्हणणं होतं की तरुण प्रेक्षक हवा असेल तर त्याच्या खिशात जे असतं तेच रंगमंचावर दिसलं पाहिजे. पहिल्या वाचनाला आम्हा सगळ्यांना ते पटलं. तालमीत उभं राहिल्यावर अडायला लागलं. रेवतीला रस्त्यात घेरी येते, फाल्गुनराव तिला सावरतो, तिच्याजवळची तिच्या प्रियकराची, अश्विनशेठची तसबीर पडते ती कृत्तिकेच्या हाती लागते. ती तसबीर निरखत असताना फाल्गुनराव बघतो आणि त्याच्या डोक्यात किडा शिरतो. पुढे तीच तसबीर फाल्गुनरावाकडे बघून अश्विनशेठला रेवतीचा संशय येतो. ती एकच आहे, म्हणून ती ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे का आहे हा प्रश्न पडतो. फोनमधला फोटो पन्नास जणांकडे असू शकतो, त्यावरून काहीच सिद्ध होत नाही.

मग ठिगळं लावणं सुरू झालं. फोटो नको, फोनच पडला असं करू. त्याला लॉक नव्हतं असं एक वाक्य घाला. नोकराचं, भादव्याचं काम करणाऱ्या मुलाने विचारलं, "हे लोक एकमेकांना फोन करून विचारत का नाहीत?" तर रेंज नव्हती, असं आणखी एक वाक्य. एवढ्याशा प्रवेशात आठ-नऊ वाक्यं वाढली आणि देवलांच्या गद्याची चाल पार मोडली.

प्रयोगात मी फोनकडे बघून त्या देखण्या पुरुषाचं कौतुक करत होते आणि प्रेक्षकांना दिसत होती फोनची पाठ. तसबीर लांब धरून न्याहाळता येते, छातीशी धरता येते, पदराआड लपवता येते, नवऱ्याने हिसकावली की दोघांच्या हातात ताणली जाते. फोन तसा ओढताना तो फुटेल ही भीती हातात उतरते, आणि ती शेवटच्या रांगेपर्यंत दिसते. जिथे हमखास हशा यायचा तिथे शांतता होती. विंगेत येऊन मी रडले.

दिग्दर्शकाने नंतर बैठकीत सांगितलं की मराठी प्रेक्षकाला नवीन काही नकोच असतं. ते मी तेव्हाही मानलं नाही, आजही मानत नाही. हे नाटक मुळातच गावं बदलत आलं आहे. मोलिएरच्या फ्रेंच प्रहसनाचा प्रयोग 1660 सालचा, त्यावरून आर्थर मर्फीचं इंग्रजी नाटक 1761 सालचं. त्यावरून देवलांनी आधी गद्य नाटक केलं, मग पदं घालून ते 1916 साली गंधर्व नाटक मंडळीने रंगभूमीवर आणलं. रेवती बालगंधर्व, फाल्गुनराव गणपतराव बोडस. देवलांनी पात्रांना महिन्यांची आणि नक्षत्रांची नावं दिली, रेवती जिच्या घरची त्या मघेला नायकीण केलं, इतकं ते आपल्या मातीतलं करून टाकलं. पण तसबिरीला कोणी हात लावला नाही. देवलांच्या त्या गद्य नाटकाचं नावच मुळी 'फाल्गुनराव अथवा तसबिरीचा घोटाळा'.

तीन वर्षांनी आम्ही काही जणांनी वेगळे होऊन तेच नाटक 1960च्या सुमाराच्या चाळीत नेलं. स्टुडिओत काढलेला, पुठ्ठ्यावर डकवलेला फोटो. समोरासमोर गॅलऱ्या असल्यामुळे कृत्तिकेने नवऱ्याला परक्या बाईला सावरताना बघणं अगदी सहज झालं, आणि एकाने बघितलेलं सगळ्या मजल्यांवर पोचणंही. एकही खुलाशाचं वाक्य घालावं लागलं नाही. हशे सगळे परत आले.

तुमच्या गृहसंकुलाबद्दल मला खरी काळजी रेवतीची आहे. ती नायकिणीच्या घरातली मुलगी, म्हणून अश्विनशेठचा विश्वास एका तसबिरीवरून डळमळतो. 'ही बहु चपल वारांगना' हे पद त्या संशयातून येतं, आणि शेवटी तिच्याशीच लग्न करताना त्याला ते गिळावं लागतं. रेवतीला कंपनीत नोकरी करणारी मुलगी केलीत तर ते पद नुसती शिवी होईल. आम्ही तिला संगीतबारीतल्या गायिकेची मुलगी केलं होतं. तुम्ही आधी हे ठरवा, नेपथ्य नंतर.

पदं आम्ही अकरा ठेवली. 'मृगनयना रसिक मोहिनी' आणि 'कुटिल हेतु तुझा फसला' काढू नका, बाकी तुमच्या गायकांचा गळा बघून ठरवा. पण ट्रॅकवर गाऊ नका, ऑर्गन आणि तबला समोर बसलेलेच हवेत. हशा कधी लांबतो, कधी येतच नाही. ऑर्गनवाला थांबून सूर धरून ठेवतो, ट्रॅक थांबत नाही. यावरूनही माझं त्या दिग्दर्शकाशी वाजलं होतं.

देवल 1916 साली गेले, त्यामुळे मूळ संहितेवर आता कोणाचा हक्क नाही. अलीकडच्या कोणाची रंगावृत्ती किंवा ध्वनिमुद्रण वापरणार असाल तर मात्र त्यांना विचारा. बदललेली संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडे, म्हणजे नाटकांच्या संहिता तपासणाऱ्या सरकारी मंडळाकडे, वेळेत पाठवा. आणि आजचाच काळ हवा असेल तर फोन सोडून अशी एखादी वस्तू शोधा जिची दुसरी प्रत निघत नाही. अंगठी चालेल, हाताने काढलेलं चित्र चालेल.

तसबीर निदान आठ इंच उंचीची करा, पुठ्ठा जाड घ्या आणि विंगेत तशीच दुसरी तयार ठेवा. आमची दुसऱ्याच प्रयोगात हिसकाहिसकीत फाटली होती.