रीइश्यू घेण्याआधी पेटी उघडा

म्हापशाच्या सदस्यांनी विचारलंय ते थोडक्यात असं: काकांच्या माळ्यावर एलपींचं खोकं सापडलं, सतरा रेकॉर्डी निघाल्या, त्यातल्या एकीचं लेबल ओलीने पार गेलेलं. त्या निमित्ताने टर्नटेबल घेतला. आता जॅझ, फंक, रॉकचे रीइश्यू, म्हणजे जुन्या रेकॉर्डींच्या नव्याने काढलेल्या आवृत्त्या, घ्याव्यात की जुन्या मूळ प्रतींच्या मागे लागावं? 180 ग्रॅमची जाड तबकडी म्हणजे खरंच चांगली का? आणि आपल्या पावसात हे सगळं टिकणार का?

वर तीन-चार जणांनी "मूळ ते मूळ, बाकी सगळी नक्कल" असा निकाल देऊन टाकलाय. मला तो पटत नाही, म्हणून हे लांबण. मी फोंड्याचा. घरात भजनी मंडळ, त्यामुळे पेटी लहानपणापासून हाताखालची. जॅझचं वेड त्यानंतरचं, पण आता त्यालाही तीस-पस्तीस वर्षं होतील.

वजनाचा प्रश्न आधी उडवून लावतो. 180 ग्रॅम हे प्लास्टिकचं वजन झालं, आवाजाचं नव्हे. जाड तबकडी सहजी वाकत नाही, हातात घेतली की पैसे वसूल झाल्यासारखं वाटतं, बस. खोबण त्यामुळे खोल होत नाही. रंगीत, पारदर्शक, शिंतोडे उडवलेल्या तबकड्या दिसायला छान असतात, हौस असेल तर घ्या. 'लिमिटेड' लिहिलेल्या चिकटपट्टीने मात्र भुलू नका.

विचारायचं ते एवढंच: रेकॉर्ड कशावरून कापली, आणि कोणी कापली? स्टुडिओतल्या मास्टर टेपवरून, म्हणजे मूळ मुद्रणाच्या टेपवरून, यंत्राची सुई लॅकरच्या चकतीत खोबण कोरते, त्या चकतीवरून धातूचे साचे निघतात आणि साच्यांत तबकड्या दाबल्या जातात. साचे झिजतात, त्यामुळे पुन्हा कापावं लागतं. म्हणजे तुम्ही ज्याला रीइश्यू म्हणता ती नव्याने केलेली कोरणी असते. कोरणारा चांगला आणि टेप मूळची असेल तर ती जुन्या प्रतीला मागे टाकू शकते. आणि एका बाबतीत तर जुनी प्रत चक्क चुकीची आहे.

जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसची 'काइंड ऑफ ब्लू' मी पहिल्यांदा घेतली ती हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात, सामान विकून मायदेशी निघालेल्या एका गोऱ्याकडून. सत्तरच्या दशकातलं अमेरिकन प्रेसिंग, कव्हरचा एक कोपरा उंदराने खाल्लेला. एका संध्याकाळी शेजारचे अंकल आले. लहानपणी चर्चच्या पॅरिश स्कूलमध्ये व्हायोलिन आणि सोल्फेज (स्वरलिपी वाचून गाणं) शिकलेला माणूस. पहिलं गाणं संपायच्या आत म्हणाले, "सूर मात्सो चडला मरे." (सूर जरा चढलाय रे.) मला वाटलं, टर्नटेबल पळतोय. स्ट्रोबची चकती ठेवून पाहिली, वेग बरोबर. मग पेटी काढली.

पहिल्या बाजूवरचं 'सो व्हॉट' पांढरी दोनवर, म्हणजे पेटीच्या दुसऱ्या पांढऱ्या पट्टीवर, उभं आहे. मधले आठ बार ते काळी दोनवर सरकतं आणि परत खाली येतं, अगदी साधी मांडणी. पण पांढरी दोन दाबून धरली की पेटीच्या आणि रेकॉर्डच्या सुरात लाटा उठायच्या, तंबोऱ्याची जोडी नीट न लागल्यावर उठतात तशा. रेकॉर्ड पांढरी दोनच्या थोडी वर, काळी दोनच्या बरीच खाली, अशी मधेच लटकत होती. मग बाजू उलटली. 'ऑल ब्लूज' पांढरी पाचवर. पेटी लावली आणि सूर सुरात विरघळला, लाट नाही की काही नाही. टर्नटेबल तोच, पेटी तीच, तबकडीही तीच. म्हणजे दोष फक्त पहिल्या बाजूत.

कारण नंतर कळलं. हा अल्बम न्यूयॉर्कमध्ये कोलंबियाच्या 30व्या रस्त्यावरच्या स्टुडिओत दोन दिवसांत मुद्रित झाला, 2 मार्च आणि 22 एप्रिल 1959 रोजी. मार्चच्या बैठकीत मुख्य टेप मशीन किंचित हळू चालत होतं. हळू भरलेली टेप नेहमीच्या वेगाने वाजवली की सूर चढणारच. मार्चची तिन्ही गाणी पहिल्या बाजूवर आली आणि 1959 पासून जगाने ती तशीच ऐकली. त्या दिवशी जोडीला दुसऱ्या मशीनवरही टेप भरली होती, तिचा वेग बरोबर होता. 1992 च्या रीइश्यूसाठी ती टेप वापरली तेव्हा कुठे सूर जागेवर आला. म्हणजे हजारो रुपये मोजून पहिली आवृत्ती आणाल तर चढ्या सुरासकट आणाल! (खरं सांगायचं तर मला जुनी प्रत अजूनही जरा तरतरीत वाटते. सवय, दुसरं काय.)

आता उलट बाजू. रीइश्यू म्हणून जे विकलं जातं त्यातलं बरंच घेऊ नये असंच असतं. युरोपात 1962 पर्यंत प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणांचा हक्क संपलेला आहे. त्यामुळे पन्नासच्या दशकातलं जॅझ तिथे कोणीही छापू शकतो, मास्टर टेप जवळ असण्याची गरज नाही, बाजारातली सीडी आणली तरी भागतं. ऑनलाइन दुकानात निम्म्या किमतीत दिसणाऱ्या, कधी नाव न ऐकलेल्या लेबलच्या एलपी बहुतेक याच गोत्रातल्या. मी अशा पाच-सहा घेतल्या. आवाज दुसऱ्यांदा उकळलेल्या चहासारखा: रंग आहे, वास नाही. ड्रमच्या झांजा तर पत्र्यावर वाळू पडल्यासारख्या. दुकानदाराला विचारलं की टेप कुठली, तर उत्तर आलं, "सर, 180 ग्रॅम आहे."

म्हणून रेकॉर्ड घेतली की लेबल आणि शेवटची खोबण यांच्यामधल्या गुळगुळीत पट्ट्यावर काय कोरलंय ते वाचायची सवय लावा. ब्लू नोट या जॅझ लेबलच्या जुन्या प्रतींवर तिथे 'आरव्हीजी' असतं, म्हणजे त्या कापणारा रूडी व्हॅन गेल्डर. त्याच पट्ट्यावर 1966 पर्यंतच्या प्रतींत कानासारखी एक खूण दिसते, ती प्लास्टिलाइट या कारखान्याची. हल्लीच्या चांगल्या रीइश्यूंवर 'केपीजी' दिसलं तर कापणारा केविन ग्रे. ब्लू नोटची 2019 साली सुरू झालेली 'टोन पोएट' मालिका त्यानेच मूळ टेपवरून कापली आहे, आणि त्यांचीच 'क्लासिक' मालिका त्याहून स्वस्त, कोरणारा तोच. सुरुवात करणाऱ्याने 'क्लासिक'च घ्यावी, कव्हरच्या जाड पुठ्ठ्यापायी जास्तीचे पैसे घालवू नयेत असं माझं मत. सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनची 'अ लव्ह सुप्रीम' हवी असेल तर व्हर्व या लेबलची 'अकूस्टिक साउंड्स' मालिका बघा.

आणि 'शुद्ध ॲनालॉग', म्हणजे टेपपासून तबकडीपर्यंत डिजिटल काहीच नाही, असल्या नुसत्या गप्पांनीही हुरळून जाऊ नका. 2022 साली उघड झालं की मोबाइल फिडेलिटी या नावाजलेल्या कंपनीच्या कित्येक महागड्या रीइश्यूंमध्ये मधली एक पायरी डिजिटल होती. प्रकरण कोर्टापर्यंत गेलं. पण तोवर तेच रीइश्यू ऐकून ॲनालॉगची ऊब काय ती हीच, असं सांगणारे भले भले कानवाले होते, त्यांची नंतर जी पंचाईत झाली ती बघण्यासारखी होती. ग्राहकाला खोटं सांगितलं हा गुन्हा खराच. आवाज वाईट होता असं मात्र कोणाला म्हणता आलं नाही.

फंकचं गणित वेगळं. फंक म्हणजे बेस, खर्जातला आवाज, आणि बेसला खोबणीत रुंद जागा लागते. एका बाजूवर पंचवीस मिनिटं कोंबली की कापणारा बेस कमी करतो किंवा आवाजच खाली आणतो. हर्बी हॅनकॉकच्या 1973 च्या 'हेड हंटर्स'मध्ये 'कॅमेलियन' एकटंच पंधरा मिनिटांच्या वर आहे. सुरुवातीचा तो ढेंगा टाकत चालणारा बेस गिटारचा नाही, हर्बीने एआरपी ओडिसी या सिंथेसायझरवर वाजवलेला आहे. रीइश्यू पारखायला याच्यासारखी रेकॉर्ड नाही. पहिल्या अर्ध्या मिनिटात बेसचा प्रत्येक ठोका सुटा, गोल ऐकू आला तर ठेवा. नुसती घुमघुम आली तर परत पाठवा.

फंकमध्ये मला रीइश्यूवाल्यांचं ऋण खरं वाटतं ते बेट्टी डेव्हिस या गायिकेपायी. 1973-74 मध्ये तिने काढलेल्या अल्बमांकडे तेव्हा फार कोणी लक्ष दिलं नाही. सिॲटलच्या लाइट इन द ॲटिक या छोट्या कंपनीने 2007 मध्ये ते पुन्हा काढले आणि माझ्यासारख्या फोंड्यातल्या माणसाला अशी कोणी गायिका होऊन गेली हे तेव्हा कळलं. तिचा आवाज म्हणजे खरवडून काढलेला, घरातल्या मोठ्या माणसांसमोर लावू नका.

रॉकबद्दल थोडक्यात. रीमास्टर आणि रीमिक्स एक नव्हे. पहिल्यात तयार मिश्रणाला नव्याने पॉलिश असतं, दुसऱ्यात वाद्यं सुटी करून पुन्हा मांडलेली असतात. बीटल्स घ्यायचे तर 2014 चे मोनो (स्टिरिओ नसलेले) एलपी कुठे मिळाले तर सोडू नका, ते सरळ टेपवरून कापलेत. काकांच्या खोक्यात भारतीय एचएमव्ही किंवा पॉलिडोरची प्रेसिंगं असतील तर ती विकू नका. कव्हरं पातळ असतात, पण तबकडी धुतल्यावर पुष्कळदा चकित करते.

धुण्यावरून पाऊस. जुलैत आपल्याकडे भिंतींना घाम फुटतो, तिथे पुठ्ठ्याचं काय घेऊन बसलात. कपाट बाहेरच्या भिंतीला टेकवू नका, वीतभर अंतर ठेवा. रेकॉर्डी उभ्याच ठेवा. आतल्या कागदी पिशव्या ओल धरतात, त्या काढून पॉलिथीनचं अस्तर असलेल्या घाला. बाहेरून जाड, चकचकीत पीव्हीसीची पिशवी नको, ती वर्षानुवर्षं चिकटून राहिली तर तबकडीवर धुरकट डाग उठतो. सिलिका जेलच्या पुड्या ठेवा आणि रंग बदलला की तापवून पुन्हा कोरड्या करा. चवथीच्या साफसफाईत एकेक रेकॉर्ड बाहेर काढून बघायची, असा आमच्याकडे नेम आहे. पांढरे ठिपके दिसले तर डिस्टिल्ड पाणी, थेंबभर सौम्य साबण, मऊ ब्रश, खोबणीच्या दिशेनेच. पुन्हा डिस्टिल्ड पाण्याने खळबळून सावलीत उभी वाळवायची. बुरशी हट्टी असेल तर पाण्यात थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल चालतं.

पण खोक्यात मिनिटाला 78 फेऱ्यांच्या जुन्या जड, ठिसूळ तबकड्या असतील तर त्यांना अल्कोहोल अजिबात लावू नका. त्या लाखेच्या असतात आणि लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. वडिलांची नाट्यसंगीताची एक तबकडी मी अशीच 'स्वच्छ' केली. कापूस काळा झाला तेव्हा वाटलं, केवढा मळ निघतोय! मळ नव्हता, गाणं निघत होतं. वडील काही बोलले नाहीत, तबकडी मात्र भिंतीवर घड्याळाशेजारी टांगून ठेवली.

शेवटी, तुम्ही न विचारलेली एक गोष्ट. आपल्याकडच्या माणसाला रीइश्यूचं खरं अप्रूप कुठे वाटावं, तर आमान्सियो डिसिल्वापाशी. गोंयकार आईबापांचा, 1936 साली मुंबईत जन्मलेला गिटारवादक, 1967 मध्ये लंडनला गेला. 1969 मध्ये सॅक्सोफोनवादक जो हॅरियटबरोबर त्याने 'हम दोनो' केली, तिच्यात 'बॅलड फॉर गोवा' नावाची एक रचना आहे. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला मुद्रित केलेली 'कोकण डान्स' तर तेव्हा बाहेरच आली नाही, 2006 मध्ये पहिल्यांदा निघाली, तो बिचारा 1996 मध्येच गेलेला. म्हणजे हिची 'मूळ प्रत' अशी काही नाहीच. मूळवाल्यांनी इथे काय करायचं ते त्यांनीच सांगावं. त्याच लंडनच्या जॅझमधली 1966 ची 'इंडो-जॅझ स्वीट' काढा आणि वादकांची नावं वाचा: तबल्यावर केशव साठे, तंबोऱ्यावर चंद्रहास पैंगणकर. कव्हरवर आडनावाचा शेवटचा 'र' गळालाय, पण पैंगण गाव ज्या तालुक्यात आहे त्या काणकोणच्या माणसाला तो दिसल्याशिवाय राहत नाही.

तेव्हा आधी ती लेबल गेलेली रेकॉर्ड घ्या. ट्यूबलाइटखाली तिरकी धरून लेबलभोवतीच्या गुळगुळीत पट्ट्यावरची अक्षरं वाचा, बोटाने पुसू नका, आणि दोन्ही बाजूंचे आकडे जसेच्या तसे इथे टाका. फोटो काढणार असाल तर फ्लॅश बंद ठेवून, बाजूने टॉर्च मारून.